विम्याचा हप्ता ठरतो तरी कसा? आयुर्विम्यातील विमागणिताची ओळख

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील वस्तू आणि सेवा कर, म्हणजे जीएसटी, पूर्णपणे उठला. त्याआधी निव्वळ मुदत विम्यावर (ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणाऱ्या विम्यावर) १८ टक्के, आणि बचतीच्या पारंपरिक पॉलिसींवर पहिल्या वर्षी साडेचार व पुढे सव्वादोन टक्के कर लागत असे. दहा हजारांच्या मुदत विम्याच्या हप्त्यामागे अठराशे रुपये वाचले, हे सर्वांना लगेच कळले. त्यानंतरच्या दिवाळीला मी गावी, गोव्यातील फोंडा तालुक्यात आलो असताना शेजारच्या काकांनी नवी पावती पुढे केली आणि विचारले, "कर गेला ते बरेच झाले रे, पण वरचे हे दहा हजार कोणी आणि कशावरून ठरवले?"

मी मुंबईतील एका आयुर्विमा कंपनीच्या विमागणित विभागात विश्लेषक म्हणून बरीच वर्षे काम करतो आणि हा प्रश्न माझ्या कामाच्या गाभ्याचा आहे. जन्म, मृत्यू, व्याज आणि खर्च यांची सांगड घालून भविष्यातील देण्यांचा आजचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाला ॲक्च्युअरी किंवा विमागणिती म्हणतात. त्याच्या हाताखाली हिशेब तयार करणारा, तपासणारा आणि फरकाचे कारण शोधणारा तो विश्लेषक. काकांना ओसरीवर बसून जे सांगितले, ते येथे थोडे विस्ताराने मांडतो.

एकाचे सांगता येत नाही, लाखांचे सांगता येते

विमागणिती माणसाच्या मरणाची तारीख काढतो, असा एक समज आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. अमुक एक तीस वर्षांचा तरुण पुढच्या वर्षी असेल की नसेल, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. गणित समूहाविषयी बोलते.

भारतातील विमाधारकांच्या अनुभवावरून तयार केलेल्या सारणीप्रमाणे तीस वर्षांच्या हजार पुरुषांपैकी वर्षभरात सुमारे एक जण मृत्यू पावतो. आता एखाद्या गावातील अशा हजार तरुणांनी एकत्र येऊन ठरवले की जो जाईल त्याच्या घरी एक लाख रुपये पोहोचवायचे, तर प्रत्येकाने शंभर रुपये काढले की हिशेब जुळेल असे वाटते. प्रत्यक्षात तो क्वचितच जुळेल. हजार माणसांत एकही मृत्यू न होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते, आणि दोन किंवा त्याहून अधिक मृत्यू होण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. म्हणजे साधारण चारांतून एका वर्षी गावाची पेटी अपुरी पडेल, आणि ज्या घरावर आघात झाला त्याच घराला आपण हात हलवीत परत पाठवू.

तेच एक लाख तरुण एकत्र आले, तर अपेक्षित मृत्यू शंभर, आणि प्रत्यक्ष आकडा बहुतेक वर्षी ऐंशी ते एकशेवीस यांच्यात राहील. दहा लाख असतील, तर हजाराच्या आसपास साठ-सत्तरचाच फरक पडेल. समूह वाढत जातो तसतशी अनिश्चितता प्रमाणाने घटत जाते. आयुर्विम्याचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या संस्थेची, किंवा गावकऱ्यांच्या फंडाची परंपरा असलेल्या आपल्या गोव्यात हे तत्त्व परके वाटू नये. फरक इतकाच, की गावाचा आकार या कामाला फार लहान पडतो.

ही सारणी आली कोठून?

कोणत्या वयाच्या किती माणसांपैकी वर्षभरात किती जातात, याचा तक्ता म्हणजे मृत्युदर सारणी. धूमकेतूमुळे सर्वांना ठाऊक असलेले एडमंड हॅली यांनी १६९३ साली ब्रेस्लाऊ या शहराच्या, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफच्या, जन्ममृत्यूच्या नोंदींवरून असा तक्ता मांडला आणि वर्षासनाची, म्हणजे हयातभर दरवर्षी मिळणाऱ्या रकमेची, किंमत वयाप्रमाणे बदलली पाहिजे हे दाखवून दिले. पुढे जेम्स डॉड्सन या इंग्लिश गणितशिक्षकाला वय जास्त म्हणून तेव्हाच्या विमा मंडळाने नाकारले. तेव्हा त्याने वयानुसार हप्ता ठरवण्याची रीत मांडली, आणि त्याच्या पश्चात १७६२ साली लंडनमध्ये इक्विटेबल ही संस्था त्या रीतीवर उभी राहिली. वय बसत नाही म्हणून माणसाला दारातून परत पाठवण्याऐवजी त्याच्या वयाला योग्य तो हप्ता सांगावा, हा विचार मला आजही फार माणुसकीचा वाटतो.

भारतात सध्या २०१२ ते २०१४ या वर्षांच्या अनुभवावर आधारलेली विमाधारकांची सारणी प्रमाण मानतात. तिच्यानुसार पुरुषांचा मृत्युदर तिसाव्या वर्षी हजारी सुमारे एक, चाळिसाव्या वर्षी सुमारे पावणेदोन, पन्नासाव्या वर्षी सुमारे साडेचार आणि साठाव्या वर्षी अकराच्या आसपास आहे.

येथे काकांनी एक रास्त शंका काढली. गोव्यात दवाखाने जवळ, शिक्षण जास्त, माणसे बरीच जगतात. मग साऱ्या देशाची सारणी आम्हाला का? उत्तर पुन्हा आकाराचेच आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. त्यांतील एका विशिष्ट वयाचे पुरुष काही हजारच, आणि त्यांतही विमाधारक आणखी थोडे. एवढ्या लहान गटात एखाद्या वर्षी दहाऐवजी पंधरा मृत्यू झाले, तर तो निव्वळ योगायोग आहे की खरोखरच परिस्थिती बिघडली आहे, हे ओळखता येत नाही. म्हणून सारणी मोठ्या समूहाची घ्यावी लागते आणि व्यक्तीचे वेगळेपण अर्जातील प्रश्नांतून जमेस धरावे लागते: तंबाखू, मधुमेह, उत्पन्न, व्यवसाय. जहाजावर जाणाऱ्या आपल्या तारवटींना कामाच्या स्वरूपाविषयी जास्त प्रश्न विचारले जातात ते याच कारणाने. स्त्रियांचा मृत्युदर त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा कमी असल्यामुळे त्यांचा मुदत विम्याचा हप्ताही सहसा कमी असतो.

जोखीम चढती, हप्ता मात्र सपाट

वरचे दर पाहिले की एक अडचण लक्षात येते. एक लाखाच्या विम्यासाठी तिसाव्या वर्षी शंभर रुपये पुरतात, पण साठीच्या उंबरठ्यावर हजाराहून अधिक लागतात. दरवर्षी हप्ता असा वाढत गेला तर पन्नाशीनंतर, म्हणजे ज्या वयात विम्याची खरी गरज असते त्याच वयात, माणूस तो सोडून देईल. म्हणून तिसाव्या वर्षापासून साठीपर्यंत तीसही वर्षे एकच हप्ता घेतात. व्याज धरून आणि खर्च वगळून केलेल्या ढोबळ हिशेबाने तो लाखामागे दोनशे ते अडीचशे रुपयांच्या दरम्यान येतो. सुरुवातीची वर्षे तो गरजेपेक्षा जास्त असतो, नंतरची वर्षे कमी.

आपल्याकडे मे महिन्यात घरोघर पुरुमेंत भरतात. सुकी मासळी, सोला, चिंच, मिरच्या, उकडे तांदूळ हे सारे पाऊस सुरू होण्याआधी माळ्यावर आणि बरणीत जाते, कारण पुढे समुद्र खवळतो, मासेमारी बंद असते आणि बाजारात काही मिळाले तरी महाग मिळते. मे महिन्यात भरलेली बरणी पाहून "घरात किती शिल्लक आहे!" असे कोणी म्हणत नाही, कारण ती आषाढ-श्रावणाची तरतूद असते. सपाट हप्त्यातील सुरुवातीचे जादा पैसे असेच बाजूला ठेवलेले असतात, आणि त्यांनाच विम्याच्या भाषेत राखीव निधी म्हणतात. कंपनीच्या ताळेबंदात हजारो कोटींचा आकडा दिसला की वर्तमानपत्रे त्याला कंपनीची श्रीमंती समजतात. पण त्यातील बहुतांश रक्कम विमाधारकांचे देणे म्हणून मांडलेली असते.

माझ्या विभागाचे सर्वांत मोठे काम या बरणीतील माल मोजण्याचे आहे. किती भरले आहे, पाऊस किती लांबेल, घरात माणसे किती, हे पुन्हा पुन्हा मोजायचे.

वीस वर्षांनंतरच्या लाखाची आजची किंमत

हे मोजताना व्याजदर कोणता धरायचा, यावर फार काही अवलंबून असते. वीस वर्षांनंतर एक लाख रुपये द्यायचे आहेत आणि गुंतवणुकीवर दरवर्षी सात टक्के मिळतील असे मानले, तर आज सुमारे २५,८०० रुपये बाजूला ठेवले की पुरे. दर सहा टक्के धरला, तर ३१,२०० रुपये ठेवावे लागतात. फक्त एका टक्क्याच्या फरकाने तरतूद पाचव्या हिश्श्याने वाढली. बँकेतील ठेवीचे दर घसरले की ज्येष्ठांचे महिन्याचे गणित जसे बिघडते, तसेच दीर्घ मुदतीची हमी दिलेल्या विमा कंपनीचेही बिघडते.

विमा घेताना हातात येणाऱ्या लाभाच्या तक्त्यात चार आणि आठ टक्के असे दोन रकाने दिसतात, त्यांच्याविषयी येथेच सांगून टाकतो. ते उदाहरणादाखल मानलेले दर आहेत. त्यांची हमी कोणी दिलेली नसते. हमी जितकी आहे तितकी त्याच तक्त्यात वेगळी लिहिलेली असते, आणि सही करण्यापूर्वी तेवढा भाग शांतपणे वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विश्लेषकाचा दिवस

या कामात मोठी समीकरणे असतात, परंतु माझा अर्ध्याहून अधिक वेळ माहिती तपासण्यात जातो. लाखो पॉलिसींची नोंद संगणकात येते आणि तीत जन्मसाल १९०० असलेला विमाधारक सापडतो, कारण तारीख ठाऊक नसताना कोणीतरी रकाना भरून टाकलेला असतो. विमा रकमेत एक शून्य जास्त पडलेले असते. एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी दोन स्पेलिंगांनी असतात. पोर्तुगीज काळातील जन्मनोंद, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड यांवर तीन तऱ्हांनी नाव असलेली माणसे आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत, त्यामुळे ही अडचण मला नवी वाटली नाही; पण वयात दहा वर्षांची चूक राहिली तर त्या पॉलिसीची तरतूदच चुकते, आणि दाव्याच्या वेळी त्या घराची फरफट होते.

माहिती साफ झाली की ती प्रारूपात जाते. प्रारूप म्हणजे प्रत्येक पॉलिसीच्या पुढील सर्व वर्षांची आवक-जावक मांडणारा संगणकीय आराखडा. त्यातून राखीव निधीचा आकडा निघतो, आणि मग खरे काम सुरू होते: गेल्या तिमाहीपेक्षा तो का बदलला? नव्या पॉलिसी किती, व्याजदरामुळे किती, अपेक्षेपेक्षा कमी-जास्त मृत्यूंमुळे किती? प्रत्येक फरकाला कारण जोडता आले पाहिजे. कारण न सापडलेला फरक कितीही लहान असला तरी तो सोडून देऊ नये, हे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवले. एकदा अशाच किरकोळ वाटणाऱ्या फरकामागे एक संपूर्ण योजना प्रारूपातून गळलेली निघाली होती.

जीएसटी उठला तेव्हाही विभागाला काम लागले. हप्त्यावर कर असताना कंपनीने जागेच्या भाड्यावर, संगणक प्रणालीवर किंवा विक्रेत्यांच्या दलालीवर भरलेला कर त्यातून वजा होत असे. हप्ता करमुक्त झाल्यावर ती वजावट गेली आणि तो कर कंपनीच्या खर्चात मिसळला. मग खर्चाची गृहीतके बदलायची, दलालीचा फेरविचार करायचा की नफा कमी होऊ द्यायचा, असा प्रश्न प्रत्येक कंपनीपुढे आला, आणि प्रत्येक पर्यायाचा परिणाम आमच्याकडे मोजून मागितला गेला.

मध्येच सोडली तर इतके कमी का मिळते?

सर्वांत जास्त राग मला याच प्रश्नात ऐकू येतो, आणि तो पुष्कळदा न्याय्य असतो. बचतीच्या पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्याचा मोठा भाग दलाली, वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांवर आधीच खर्च झालेला असतो. म्हणून लवकर सोडणाऱ्याच्या नावावर फारसे काही साचलेले नसते. पण पूर्वी काही वर्षांत सोडणाऱ्यांकडून जेवढे कापले जाई, त्यातील सारेच या कारणाने समर्थनीय नव्हते. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी एका पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेला असल्यास पहिल्या वर्षानंतरही विशेष समर्पण मूल्य (पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम) द्यावे लागते, आणि ते पूर्वीपेक्षा बरेच चांगले असते. हा बदल योग्य दिशेचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुदत विम्यात मात्र सोडणाऱ्यांचे गणित उलटे आणि फसवे आहे. तेथे मध्येच सोडले तर सहसा काहीच परत मिळत नाही. सोडणाऱ्याने भरलेला सुरुवातीचा जादा हप्ता बरणीतच राहतो. काही माणसे मध्येच सोडतील असे धरून हप्ता थोडा कमी ठेवता येतो. पण तितकी माणसे सोडून गेली नाहीत, तर साठीजवळचे मोठे मृत्युदर अंदाजापेक्षा जास्त लोकांना लागू होतात आणि तरतूद अपुरी ठरते. शिवाय सोडून जातात ते बहुधा धडधाकट. आजारी माणूस हप्ता चुकवत नाही. विमाधारकाने निष्ठेने हप्ता भरला म्हणून कंपनी अडचणीत यावी, ही स्थिती कोणत्याही योजनेत येऊ नये, आणि ती येते आहे का हे पाहणे विश्लेषकाचे कर्तव्य आहे.

"काही झाले नाही, म्हणजे पैसे बुडाले"

तीस वर्षे मुदत विमा भरला आणि माणूस सुखरूप राहिला, तर त्याचे पैसे त्या काळात गेलेल्या इतरांच्या घरी पोहोचलेले असतात. आपल्या घरचे कमावते माणूस गेले तर मुलांचे शिक्षण आणि घराचे कर्ज निभावेल, हा भरवसा त्याने तीस वर्षे वापरला. हप्ता परत देणाऱ्या योजनाही मिळतात. त्यांत परतीसाठी वेगळा, बराच मोठा हप्ता घेतलेला असतो.

साथ आली तर?

मोठ्या समूहाचा नियम एका अटीवर चालतो: एकाच्या मृत्यूचा दुसऱ्याच्या मृत्यूशी संबंध नसावा. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी अडीअडचणीसाठी फंड काढला, पण सारे एकाच होडीतून समुद्रात गेले, तर सभासद कितीही असोत, एका वादळात फंड संपेल. साथीचा रोग सगळ्यांना असा एका होडीत बसवतो. मे २०२१ चे दिवस गोव्यात कोणी विसरलेले नाही. त्या काळात मृत्यूचे दावे सारणीतील अपेक्षेच्या पुष्कळ वर गेले.

अशा वर्षासाठी तीन आधार असतात. तरतूद करतानाच गृहीतकांत थोडी सावधगिरी ठेवलेली असते. मोठ्या विमा रकमांचा काही भाग कंपनी दुसऱ्या कंपनीकडे सोपवते, त्याला पुनर्विमा म्हणतात. आणि कायद्याने आवश्यक असलेल्या किमान भांडवलाच्या दीडपट रक्कम नेहमी जवळ असावी, असा भारतीय विमा नियामकाचा दंडक आहे. हे आधार फुकट मिळत नाहीत. साथीनंतर पुनर्विम्याचे दर वाढले आणि नव्या मुदत विम्याचे हप्तेही वाढले.

जास्त जगण्याचा खर्च

मृत्यूइतकेच दीर्घायुष्यही विम्याचा विषय आहे. वर्षासन म्हणजे एकरकमी पैसे घेऊन माणूस जिवंत असेपर्यंत ठरावीक रक्कम देत राहणे. येथे माणूस अंदाजापेक्षा जास्त जगला तर कंपनीची तरतूद कमी पडते. गोव्यात ज्येष्ठांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त आहे, अनेक घरांत मुले आखातात किंवा युरोपात आहेत, आणि निवृत्त आई-वडील एकटे राहतात, त्यामुळे हा भाग आपल्याला विशेष जवळचा आहे.

वर्षासन घेणारे लोक आपली तब्येत ओळखून ते घेतात. ज्याच्या घराण्यात नव्वदी गाठणारे आहेत तो घेतो. गंभीर आजार असलेला सहसा घेत नाही. म्हणून वर्षासनाला विम्याची सारणी चालत नाही, त्यासाठी २०१२ ते २०१५ च्या अनुभवावर आधारित वेगळी सारणी आहे. शेजारचे हे काका शहात्तर वर्षांचे आहेत आणि रोज पहाटे कुळागराला पाणी सोडतात. विमा सारणीने त्यांची तरतूद केली तर ती नक्कीच अपुरी पडेल.

अंदाज चुकला तर हप्ता वाढेल का?

काकांचा शेवटचा प्रश्न हा होता. वैयक्तिक मुदत विम्यात सही करताना ठरलेला हप्ता सर्वसाधारणपणे मुदत संपेपर्यंत तोच राहतो. मृत्यू वाढले, व्याज घटले, खर्च फुगला, तरी कंपनी जुन्या विमाधारकाकडे जादा रक्कम मागू शकत नाही. नुकसान भागधारकांच्या भांडवलातून जाते. उलट बाजूने विमाधारकावरही एक जबाबदारी आहे: अर्जात तंबाखू, आजार आणि आधीच्या पॉलिसी यांविषयी खरे लिहिणे. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षे उलटल्यावर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. त्याआधी मात्र लपवलेली गोष्ट निघाली तर दावा अडू शकतो.

काकांची नात बारावीला विज्ञान शाखेत आहे आणि गणितात रमते. बारावीनंतर विमागणिताच्या संस्थेची प्रवेश परीक्षा देता येते, पुढच्या परीक्षा एकेक करून नोकरी सांभाळत द्यायच्या असतात, आणि सर्व पूर्ण व्हायला बहुतेकांना बरीच वर्षे लागतात, हे मी तिला काही न लपवता सांगितले. गोव्यात या कामाच्या जागा थोड्या. मुंबई, पुणे, बेंगळूरु किंवा गुरुग्रामला जावे लागेल. तिने विचारले, संगणक सगळे करत असेल तर माणसाचे काय काम उरते? मी तिच्यासमोर काकांची पावती ठेवली. पावतीवर छापलेले वय काकांच्या खऱ्या वयापेक्षा दोन वर्षांनी कमी होते, आणि ते इतकी वर्षे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे जन्माचा दाखला घेऊन दुरुस्तीचा अर्ज द्यायला शाखेत गेलो.